शिक्क्याखालचा शब्द

राष्ट्राराष्ट्रांमधली मैत्री मोजण्याचं खात्रीचं माप एकच आहे: मागितलेला माणूस किती दिवसांत पोचता होतो. करार, शिष्टमंडळं, हात हातात घेऊन काढलेले फोटो हे सगळं वरवरचं. देश एकमेकांना यंत्रं देतात, औषधं देतात, क्वचित एखादा हत्ती देतात. पण माणूस देताना जो जिव्हाळा दिसतो तो हत्ती देतानाही दिसत नाही. शिवाय हत्ती काय खातो ते आधी विचारावं लागतं.

या जिव्हाळ्याचं कामकाज ज्या इमारतीतून चालतं, तिथे मी कनिष्ठ लिपिक आहे. खात्याचं नाव प्रत्यर्पण विभाग. परक्या देशाने मागितलेला माणूस त्याच्या ताब्यात देणं म्हणजे प्रत्यर्पण. (या शब्दात ‘अर्पण’ आहे, पण त्याचा भक्तिभावाशी संबंध जोडू नये.) विभागात दोन कक्ष आहेत. पहिला पाठवणी कक्ष. तो माणसं पाठवतो. दुसरा आमचा, कागद उघड करण्याचा. तो कागद पाठवत नाही. ज्याची पाठवणी व्हायची आहे त्याने ‘मला कशाच्या आधारावर पाठवताय ते दाखवा’ असं म्हटलं, की त्याचा अर्ज आमच्या खिडकीवर येतो आणि आमच्याकडे नांदतो.

गेल्या वर्षी असे २१४ अर्ज आले आणि २१४ निकाली निघाले. हे प्रमाण शंभर टक्के आहे आणि ते रंगवून दारावर लावलेलं आहे. त्यांपैकी नऊ अर्जांवर प्रत्यक्ष कागद देण्यात आला. नऊपैकी सात कागद कोरे होते, एक आमच्याच कॅन्टीनचा दरफलक होता आणि एक खरा होता. (खरा कागद देणाऱ्या लिपिकाची चौकशी चालू आहे. चौकशीचे कागद मिळावेत म्हणून त्याने अर्ज केला आहे. तो अर्ज २१४ मध्ये धरलेला नाही.)

एका मंगळवारी खिडकीच्या जाळीपलीकडे बाई उभ्या राहिल्या.

‘बाई’ या शब्दाचा खुलासा करतो. त्या एकतीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवतात. मीही त्यांच्याच वर्गात होतो. त्यांनी जाळीतून माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा वर केला.

“तू तो ना रे, ‘अ’ काढताना जीभ बाहेर काढायचास?”

“हो बाई. तो मीच.”

“मग आता जीभ आत घे आणि हा अर्ज नीट वाच.”

अर्ज त्यांच्या यजमानांबद्दल होता. बाई त्यांना ‘आमचे मिस्टर’ म्हणतात, त्यामुळे आख्खी गल्ली त्यांना मिस्टर म्हणते. शासकीय कागदांत त्यांचा उल्लेख ‘सदर इसम’ असा आहे. मी दोन्ही शब्द सारख्याच आदराने वापरीन.

मिस्टर लिफ्ट तपासतात. दोन वर्षांपूर्वी ते पलीकडच्या देशात आठ महिन्यांच्या कामावर गेले होते. (आमची आणि पलीकडच्यांची भाषा एकच आहे. भांडणं नीट व्हावीत म्हणून पूर्वजांनी ही सोय करून ठेवली असावी.) तिथल्या एका सरकारी इमारतीतली लिफ्ट त्यांनी तपासली, एकोणीस ओळींचा अहवाल लिहिला आणि ते घरी आले. पुढे त्याच लिफ्टमध्ये तिथले एक मंत्री तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये तीन तास चाळीस मिनिटं अडकले. ते ‘गतिमान प्रशासन’ या विषयावर बोलायला वर चालले होते. त्यावरून तिथल्या सरकारने मिस्टरांवर दोन आरोप ठेवले: नादुरुस्त लिफ्टला खोटा दाखला देणे, आणि राज्याची गती रोखणे. मग आमच्या सरकारकडे रीतसर मागणीपत्र आलं.

मागणीपत्राची एक प्रत घरी गेली. शेजारणीने ‘मागणी आली म्हणे’ एवढंच ऐकलं आणि बाईंचं अभिनंदन केलं. घरात लग्नाचं कोणी नाही हे तिच्या नंतर लक्षात आलं.

“मग कोणाला आली?”

“यांना.”

“या वयात?”

त्या संध्याकाळपासून सदर इसम तात्पुरत्या कोठडीत होते. कोठडी आमच्याच इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. लिफ्टचा आवाज ऐकून ते पहारेकऱ्याला सांगत, “डावीकडचा रोलर गेलाय हो. कोणाला तरी कळवा.” पहारेकऱ्याने ते वहीत ‘कैद्याची बडबड’ या रकान्यात रोजच्या रोज लिहून ठेवलं आहे.

आता त्या अहवालाकडे वळतो, कारण सगळं प्रकरण त्याच्या शेवटच्या तीन ओळींवर उभं होतं. मिस्टरांचं म्हणणं असं, की त्यांनी लिहिलं होतं:

ब्रेक समाधानकारक नाहीत.
दोरावर अजिबात भरवसा ठेवता येत नाही.
सबब ही लिफ्ट माणसांनी वापरण्यास योग्य नाही.

पलीकडच्या कार्यालयाने या अहवालावर ‘तपासले’ असा गोल शिक्का मारला. शिक्का वाटीएवढा होता. त्यानंतर अहवालाची छायाप्रत अशी दिसू लागली:

ब्रेक समाधानकारक ▇▇▇
दोरावर अजिबात भरवसा ठेवता येत ▇▇▇
सबब ही लिफ्ट माणसांनी वापरण्यास योग्य ▇▇▇

कार्यालयाने शेवटची ओळ दिसेल तेवढी वाचली आणि लिफ्ट चालू केली. यात कोणाचीच चूक नाही. आपल्या भाषेत वाक्याचा जीव शेवटच्या शब्दात असतो. माणूस ओळभर बोलतो आणि आपण काय म्हणत होतो ते शेवटी ठरवतो. शिक्काही ओळीच्या शेवटीच मारतात, कारण कागद तिथे मोकळा असतो. भाषेला आणि शिक्क्याला एकच जागा आवडावी हा योगायोग आहे, आणि योगायोगावर कारवाई करण्याची तरतूद नाही.

“मी यांना शंभरदा विचारलं,” बाई मला म्हणाल्या, “‘योग्य नाही’ असं लांबण कशाला लावलंत? सरळ ‘अयोग्य’ लिहायचं. एका शब्दात काम.”

“मग काय म्हणाले?”

“म्हणाले, अयोग्य हा शब्द उद्धट वाटतो. मी म्हटलं, अहो लिफ्टला काय वाटणारे? तर म्हणे, लिफ्टला नाही, पण लावणाऱ्याला वाटतं ना.”

असा हा माणूस. पंचवीस वर्षांत त्यांनी कोणत्याही लिफ्टला अयोग्य म्हटलेलं नाही.

तर बाईंना मूळ कागद हवा होता. शिक्क्याखाली ‘नाही’ दिसलं तर सदर इसम घरी. ‘आहे’ दिसलं तर सदर इसम पलीकडे, किमान सात वर्षं. एवढाच प्रश्न होता, आणि तो आमच्या अर्जाच्या नमुन्यात बसवायचा होता. आमचा नमुना बारा रकान्यांचा आहे. सगळे देत नाही, पण रकाना तीन असा: ‘कोणता कागद हवा?’ (कागदात काय आहे हे अर्जदारास माहीत असल्यास कागदाची गरज नाही असे समजून अर्ज फेटाळण्यात येईल. माहीत नसल्यास मागणी मोघम समजून फेटाळण्यात येईल.) रकाना पाच: ‘कागद अस्तित्वात असल्याचा पुरावा.’ (कागदाची प्रत जोडावी.) रकाना सात: ‘कागद मिळाल्यास अर्जदाराचा फायदा होईल काय?’ (होत असल्यास हेतू स्वार्थी, होत नसल्यास अर्ज अनावश्यक.) आणि रकाना नऊ: ‘झाकलेला मजकूर प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तीचे नाव व सही.’

बाईंनी रकाना तीनमध्ये लिहिलं, ‘एक शब्द. दोन अक्षरी.’ रकाना नऊ मोकळा सोडला.

न्यायालयात पहिल्या तारखेला सरकारी वकील म्हणाले, शिक्क्याखाली ‘आहे’ आहे. मिस्टरांचे वकील म्हणाले, ‘नाही’ आहे. दोन्ही शब्द दोन अक्षरी. पट्टी आणून मोजलं, तर दोन्हींना नऊ मिलिमीटर जागा पुरते असं निघालं. सरकारी वकिलांनी मग सद्भावाचं तत्त्व मांडलं. हे तत्त्व फार सुंदर आहे. मित्रराष्ट्र खोटं बोलत नाही असं त्यात धरून चालतात, आणि जो पुरावा मागतो त्याने मैत्रीत विष कालवलं असंही धरून चालतात.

मग बाई साक्षीला उभ्या राहिल्या.

“मधली ओळ वाचा,” त्या म्हणाल्या. “‘दोरावर अजिबात भरवसा ठेवता येत’, आणि पुढे शिक्का. आता ‘अजिबात’च्या पुढे ‘आहे’ येईल का? ‘अजिबात भरवसा ठेवता येत आहे’ असं बोलतं का कोणी? पहिलीतलं पोरसुद्धा हसेल.”

“पलीकडे तसं बोलत असतील,” सरकारी वकील म्हणाले.

“भाषा एकच आहे ना?”

“एकच आहे. पण ती त्यांचीही आहे.”

न्यायाधीशांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते कामकाजात नोंदवू दिलं नाही.

या साक्षीने आमच्या कक्षात खळबळ उडाली. झाकलेला शब्द केवळ व्याकरणाच्या जोरावर उघडा पडला होता. मोठ्या साहेबांनी तातडीची बैठक घेऊन असं ठरवलं, की ‘अजिबात’ हा शब्द आतून फितूर झालेला आहे. प्रत परत मागवण्यात आली आणि काळेकाकांकडे देण्यात आली.

काळेकाका हे आडनाव नाही, काम आहे. गोपनीय मजकुरावर काळी पट्टी ओढणं हे ते बावीस वर्षं करत आहेत आणि त्यांची रेघ अजून पट्टीशिवाय सरळ येते. दुसरी प्रत त्यांनी अशी काढली:

ब्रेक समाधानकारक ▇▇▇
दोरावर ▇▇▇▇▇ भरवसा ठेवता येत ▇▇▇
सबब ही लिफ्ट माणसांनी वापरण्यास योग्य ▇▇▇

बाईंनी ती खिडकीवरच वाचली आणि म्हणाल्या, “ठेवता ‘येत’ म्हटलंय ना? ‘येत’च्या पुढे काय येतं सांग बरं. ‘येतो’ नाही, ‘येते’ नाही, नुसतं ‘येत’.”

मी प्रत परत घेतली. तिसरी प्रत अशी निघाली:

▇▇▇ ▇▇▇▇▇▇▇ ▇▇▇
▇▇▇▇ ▇▇▇▇▇ ▇▇▇▇ ▇▇▇▇ ▇▇ ▇▇▇
▇▇▇ ▇▇ लिफ्ट ▇▇▇▇▇▇ ▇▇▇▇▇▇ ▇▇▇ ▇▇▇

“‘लिफ्ट’ का ठेवलंत?” बाईंनी विचारलं.

“सगळं काळं केलं तर कागद नाकारला असं होतं,” काळेकाका जागेवरूनच म्हणाले. “एक शब्द दिसला की कागद उघड केला असं होतं, ताई. आपण काही लपवत नाही.”

मिस्टरांचे वकील तोवर प्रत्येक तारखेला फक्त पुढची तारीख मागत होते. आता त्यांनी उठून दावा केला, की मूळ कागद पलीकडच्यांच्या हाताशी असून तो दडवणं हा प्रक्रियेचा गैरवापर आहे आणि तेवढ्यावर हे प्रकरण बंद व्हायला हवं. हा दावा ऐकला की आमच्याकडे सगळे चहाला जातात, कारण त्याचं उत्तर छापून ठेवलेलं आहे. गैरवापर झाला हे कागद दाखवून सिद्ध करावं लागतं; आणि गैरवापर झाला हे सिद्ध केल्यास कागद दाखवण्यात येतो. काही वकिलांना ही अडवणूक वाटते. मला वर्तुळ हा आकार पहिल्यापासून आवडतो.

पण न्यायाधीश सरळ माणूस होते. त्यांनी चहाची वाट न पाहता एका ओळीत आदेश दिला: मूळ कागद आणा.

कागद यायला सहा आठवडे लागले. परदेशचं टपाल आधी आमच्या आवक टेबलावर उघडतं, आणि आवक टेबल माझं आहे. लखोटा फोडला तेव्हा आम्ही तिघे होतो: मी, काळेकाका आणि शिपाई. मी कागद खिडकीपाशी उजेडात धरला. पलीकडच्यांचा शिक्का मुळात फिकट निळा होता, काळा तो छायाप्रतीत झाला होता. त्यांच्या पॅडमधली शाई संपत आली असावी. त्याखाली मिस्टरांचं टपोरं अक्षर स्वच्छ दिसत होतं. नाहीत. नाही. नाही.

काळेकाकांनी चष्मा पुसला आणि परत पाहिलं. “सुटला की रे माणूस,” ते म्हणाले. बावीस वर्षांत त्यांना एखादा शब्द उघडा पाहून आनंद झाल्याची ही पहिलीच नोंद आहे.

मला तर बाईंना कधी सांगतो असं झालं होतं. पण आवक शिक्का मारल्याशिवाय कागद आला असं धरता येत नाही. पॅड त्याच सकाळी नवीन मिळालं होतं, काळं, ओलंगच्च. मी हर्षाच्या भरात शिक्का घेतला आणि कागद जिथे मोकळा असतो तिथे, म्हणजे ओळींच्या शेवटी, चांगला दाबून मारला.

‘मिळाले’, असं त्यावर लिहिलेलं आहे.

काळेकाकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग शिपाई म्हणाला, “छान उठलाय.”

बाई मंगळवारी आल्या.

“कागद आला म्हणे. तू पाहिलास?”

“पाहिला, बाई.”

“शिक्क्याखाली काय होतं?”

“ते मला सांगता येत नाही.”

“‘नाही’ होतं ना?”

“नाही.”

“म्हणजे ‘नाही’ होतं, की ‘नाही’ नव्हतं?”

“बाई, मी फक्त सांगता येत नाही असं म्हणालो.”

“शेवटचा शब्द ऐकला मी. मला तेवढाच हवा होता.” त्यांनी अर्ज जाळीखालून आत सरकवला. रकाना नऊ वर आला होता. “इथे सही कर. ‘मी पाहिलं’ एवढंच लिही. शुद्धलेखन मी बघते.”

मी पेन उघडलं होतं, हे इथे नमूद करतो. तेवढ्यात मोठ्या साहेबांनी आत बोलावलं.

“बस,” ते म्हणाले. ते सहसा बस म्हणत नाहीत. “सही केलीस तर काय होईल बघ. तू कागद वाचलास असं होईल. आवक लिपिकाने कागद घ्यायचा असतो, वाचायचा नसतो. वाचला, तर तो प्रक्रियेचा गैरवापर. म्हणजे गैरवापर झाला हे त्यांचं म्हणणं सिद्ध होईल, पण तो तू केलास असं सिद्ध होईल. मित्रराष्ट्र नामानिराळं.”

“आणि सही नाही केली तर?”

“तर काहीच झालं नाही. तुझ्या कायम होण्याचा कागद माझ्याच टेबलावर आहे. तो मी वाचलेला नाही. बघ बाबा.”

मी खिडकीवर परत येऊन बाईंना सांगितलं, की पेन चालत नाही. बाईंनी पर्समधून स्वतःचं पेन काढलं, माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ते परत आत ठेवलं.

त्यानंतर मला चार दिवस नीट जेवण गेलं नाही. मग मी माझ्या परीने भरपाई केली. मी साहेबांना लेखी सूचना दिली: आपल्या भाषेत अर्थ शेवटी असतो, सबब यापुढे सर्व शिक्के कागदाच्या डाव्या बाजूस मारण्यात यावेत. सूचना वर गेली, वरच्यांना पटली, आणि चार दिवसांत सर्व कार्यालयांना व न्यायालयांना लागू झाली. आमच्या खात्यात इतक्या वेगाने ठरलेली दुसरी गोष्ट म्हणजे पंख्यांची दिशा.

शेवटच्या तारखेला न्यायाधीशांनी दोन शिक्के पडलेला मूळ कागद हातात घेतला, उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि बाईंना विचारलं, आणखी काही सांगायचंय का.

“एकच, साहेब,” बाई म्हणाल्या. “निकाल आमच्या बाजूने द्यायचा झाला, तर ‘नाही’ शेवटी ठेवू नका. आमच्या मिस्टरांनी तिथेच माती खाल्ली. ‘अयोग्य’ म्हणा. एका शब्दात काम.”

“न्यायालयाने वाक्य कसं रचावं हे साक्षीदाराने सांगू नये,” न्यायाधीश म्हणाले. पण त्यांनी ते वहीत टिपून घेतलेलं मी पाहिलं. (हेही मी पाहिलं. माझ्या पाहण्याला तसा तोटा नाही.)

निकाल त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. अक्षर सुरेख होतं. शेवट असा होता:

मूळ कागद वाचण्याजोगा न ठेवणे हा प्रक्रियेचा गैरवापर आहे. सबब सदर इसमाचे प्रत्यर्पण
अयोग्य आहे.

‘अयोग्य’ नव्या ओळीवर आला, कारण वरच्या ओळीत जागा संपली होती. मूळ निकाल दप्तरात सीलबंद झाला आणि त्याची प्रत नक्कल शाखेत गेली. तिथे नव्या परिपत्रकाप्रमाणे डाव्या बाजूस शिक्का बसला आणि नक्कल बाहेर आली ती अशी:

▇ योग्य आहे.

निकाल वाचून दाखवण्याची पद्धत बंद झाली आहे, कारण वाचताना चुका होतात. त्यामुळे दोन्ही पक्षांना तो न्यायालयाबाहेरच्या फळ्यावर नक्कल लागल्यावरच कळला. मिस्टरांचे वकील धावत न्यायाधीशांच्या दालनात गेले. न्यायाधीशांनी नक्कल पाहिली आणि हातातला चहा खाली ठेवला.

“मी काय लिहिलं ते मला पक्कं आठवतंय,” ते म्हणाले. “पण नक्कल प्रमाणित आहे. माझी आठवण प्रमाणित नाही.”

कारणं एकीकडे आणि निकाल दुसरीकडे कसा, असा प्रश्न कोणीतरी काढला. नक्कल शाखेने उलट टपाली कळवलं, की ते पहिल्यांदाच होत नाहीये. अपिलाला मुदत पंधरा दिवसांची होती. अपिलासाठी शिक्का नसलेली नक्कल लागते, ती मिळायला एकवीस दिवस लागतात. सोळाव्या दिवशी पाठवणी कक्षाचे दोन जण पावतीपुस्तक घेऊन चौथ्या मजल्यावर गेले. पावतीवर लिहिलं होतं: ‘इसम, नग एक, वापरलेला, सुस्थितीत.’ इसमासोबतचे कागद आमच्या कक्षातून नेल्याची सही हवी म्हणून मीही गेलो होतो.

मिस्टरांनी शर्टाची बटणं लावली, पहारेकऱ्याचा निरोप घेतला आणि सगळे लिफ्टपाशी आले.

“जिन्याने जाऊ या का?” मिस्टर म्हणाले. “ही लिफ्ट वापरण्यास योग्य...”

तेवढ्यात लिफ्ट मोठा खडखडाट करत येऊन थांबली. पाठवणीवाल्याने दार ओढलं. “काय म्हणालात? शेवटचं ऐकू नाही आलं.”

“काही नाही,” मिस्टर म्हणाले. उद्धट वाटेल असं बोलणं त्यांच्या स्वभावात नाही.

मी जिन्याने उतरलो. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. सीमेवर बाराच्या आत पोचलं नाही तर ताबा रद्द होतो, असा करार आहे. ताबा रद्द झाला तर माणूस घरी जातो. घड्याळात साडेदहा झाले होते. खाली बाई डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सात महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी उमटलं.

“अडकू दे,” त्या हळूच म्हणाल्या. “तीन तास अडकू दे.”

पण आत तीन माणसं होती, त्यांतल्या एकाला दम लागत होता, आणि लिफ्ट बंद पडलेली असताना स्वस्थ बसणं मिस्टरांना जमलेलं नाही. त्यांनी पाठवणीवाल्याकडून पावतीपुस्तकाची लोखंडी क्लिप मागून घेतली आणि दाराच्या फटीतून काहीतरी केलं. वीस मिनिटांनी लिफ्ट अगदी अलगद तळमजल्यावर आली. ती इतकी अलगद कधीच आली नव्हती.

“डावीकडचा रोलरच होता,” मिस्टर बाईंना म्हणाले.

“कळलं,” बाई म्हणाल्या. “डबा घ्या.”

ते वेळेत पोचले. मैत्री दृढ झाली. इमारतीतली लिफ्ट तेव्हापासून उत्तम चालते. शिक्क्याच्या सूचनेबद्दल माझा गौरव झाला आणि मी कायमही झालो. प्रशस्तिपत्र माझ्या टेबलामागे लावलं आहे. त्यावर डाव्या बाजूला शिक्का आहे आणि त्यापुढे ‘त्कृष्ट सूचना’ असं वाचता येतं.

बाई अजून मंगळवारी येतात. नवा अर्ज आहे. रकाना तीनमध्ये या वेळी लिहिलंय, ‘एक अक्षर. पहिलं.’ रकाना नऊ अजून मोकळा आहे. मागच्या खेपेला त्या म्हणाल्या, “एकतीस वर्षं पोरांना पहिल्या दिवशी तेवढंच शिकवते मी. वर्गात चाळीस पोरं. त्यातलं एक तुमच्या ऑफिसात लागलं, आणि तेच नेमकं विसरलं.” मी म्हटलं, बाई, विसरलो नाही. त्या म्हणाल्या, ते तर जास्तच वाईट.

निकालातला ‘अ’ लिहिणारे एक न्यायाधीश होते. त्यांची आठवण प्रमाणित नाही. मूळ कागदावरचं ‘नाही’ पाहिलेले आम्ही तिघे होतो. काळेकाका निवृत्त झाले आणि जाताना त्यांनी स्वतःच्या सेवापुस्तकावर आडवी रेघ मारली. शिपायाने आपल्याला वाचता येत नाही असं लिहून दिलं आहे. (स्वतःच्या अक्षरात, सुवाच्य.) राहिलो मी, आणि आजपासून तुम्ही. शिक्का पडण्याआधी कागदावर काय होतं आणि निकालात काय होतं, हे दोन्ही तुम्ही वर स्वच्छ वाचलं आहे. रकाना नऊमध्ये जागा भरपूर आहे. खिडकी मंगळवारी अकरा ते एक उघडी असते. पेन दोरीला बांधलेलं आहे आणि ते चालतं, हे मी आता मान्य करतो.

पण तुम्हाला घाई असणार. म्हणून वाचकांच्या सोयीसाठी कक्षाने एक निवेदन छापून ठेवलं आहे. त्यावर सही करून निघता येतं. आजवर सगळ्यांनी केली, पहिली सही माझी आहे. हा नमुना परिपत्रकाच्या आधीचा, म्हणून शिक्का जुन्याच जागी पडला आहे. बाईंना जो शब्द सात महिन्यांत मिळाला नाही, तो तुम्ही एका क्षणात वाचाल.

‘मी वरील मजकूर वाचला. वाईट वाटले. परंतु या प्रकरणाशी माझा काडीचाही संबंध ▇▇▇